उबेची वाटणी

ऊब ही पैसे मोजून विकत घेण्याची वस्तू आहे, असे आपल्या गावाकडे कुणाला सांगितले तर तो हसेल. आपली थंडी दोन-अडीच महिन्यांची; गोधडी, घोंगडी आणि दारापुढची शेकोटी यांवर ती निभून जाते. इंग्लंडचे तसे नाही. लंडन शहर ५१ उत्तर अक्षांशाच्याही वर आहे. तेथे डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, आणि वर्षातील निम्मे महिने घर तापविल्यावाचून चालत नाही. साहजिकच घरखर्चात इंधनाचा विचार धान्याच्या बरोबरीने करावा लागतो. त्यातूनच एका बॉयलरच्या उबेची खोल्याखोल्यांत वाटणी करण्याची पद्धत तेथे रूढ झाली. ती समजून घेण्यासारखी आहे.

प्रथम मूळ व्यवस्था पाहू. घरात एक बॉयलर असतो. बहुधा तो गॅसवर चालतो. त्यात तापलेले पाणी पंपाच्या जोराने नळ्यांतून भिंतीलगतच्या रेडिएटरांत जाते, खोलीला उष्णता देते आणि निवून पुन्हा बॉयलरकडे येते. जुन्या पद्धतीत साऱ्या घराला मिळून एकच थर्मोस्टॅट असे. तो ज्या जागी बसविला असेल तेथील हवा ठरल्याइतकी तापली की बॉयलर बंद होई. मग दिवसभर खालच्या खोलीत एकच वृद्ध माणूस बसलेला असो आणि वरच्या तीन खोल्या रिकाम्या असोत, ऊब सगळीकडे जायची आणि बिल साऱ्या घराचे यायचे.

यावरचा उपाय शेतकऱ्याच्या मुलाला सांगावा लागणार नाही. विहीर एक, मोटर एक आणि पिकांचे तुकडे चार. म्हणून आपण दारे धरतो. उसाचे दार फोडले की कांद्याचे बांधतो. तेथेही हेच केले जाते. बॉयलरमधून निघालेल्या मुख्य नळीला बॉयलरजवळच दोन फाटे फोडतात. एक खालच्या मजल्याला, दुसरा वरच्या. प्रत्येक फाट्यावर विजेच्या छोट्या मोटरने उघडमीट होणारा व्हॉल्व्ह बसवितात. फरक एवढाच की शेतातले पाणी जमिनीत मुरते, आणि हे पाणी फिरून बॉयलरकडे येते.

दारे धरणारा माणूस येथे थर्मोस्टॅट असतो. प्रत्येक विभागाला स्वतंत्र थर्मोस्टॅट आणि वेळ लावण्याचे स्वतंत्र घड्याळ असते. खालची खोली गार झाली की तेथील थर्मोस्टॅट आपल्या व्हॉल्व्हला वीज देतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की त्याच्याच पोटातले एक लहान बटण दाबले जाते आणि बॉयलर व पंप चालू होतात. एकाही विभागाची मागणी नसेल, तर सर्व व्हॉल्व्ह मिटलेले आणि बॉयलर विझलेला. ही जोडणी या पद्धतीचा प्राण आहे. ती नसेल तर बॉयलर कुणी न मागता स्वतःलाच तापवीत बसतो.

बसविताना काही पथ्ये पाळावी लागतात. थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर लावावा. त्यावर ऊन येऊ नये, तो पडद्यामागे नसावा आणि रेडिएटरजवळ तर नसावाच. नाहीतर खोली गारठलेली असताना तो घर तापल्याची खोटी वर्दी देईल. सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर चालविली तर शेतात काय होते, हे आपण जाणतो. म्हणून पंपाचा दाब वाढल्यास पाण्याला परतण्यासाठी येथे एक आडवाट ठेवतात. विभाग फार लहानही पाडू नयेत. एकाच छोट्या रेडिएटरसाठी मोठा बॉयलर वारंवार पेटतो आणि विझतो. त्यात इंधन जाते व यंत्रही झिजते.

जुन्या घरांत दोन्ही मजल्यांच्या नळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यांसाठी फरशा-फळ्या उखडणे परवडत नाही. अशा ठिकाणी प्रत्येक रेडिएटरवर उष्णतेने आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह लावतात. त्याच्या डोक्यातील मेण किंवा द्रव तापून फुगतो आणि पाण्याची वाट आवळतो. मात्र ज्या खोलीत मुख्य थर्मोस्टॅट आहे तेथे असा व्हॉल्व्ह लावीत नाहीत, कारण दोघांचे एकमेकांशी जमत नाही.

सर्व खोल्यांना सारखी ऊब नको, हा विचार तसा जुना आहे. ब्रिटनमधील घरांविषयीच्या १९६१ च्या पार्कर मॉरिस समितीने बैठकीच्या खोलीत १८ अंश सेल्सिअस, तर स्वयंपाकघर व ये-जा करण्याच्या जागेत १३ अंश तापमान पुरेसे मानले होते. आज इंग्लंडमध्ये १५० चौरस मीटरहून मोठ्या नव्या घरात वेळ आणि तापमान स्वतंत्रपणे ठरविता येतील असे निदान दोन विभाग अपेक्षित असतात.

पण वाटणी म्हणजे उपासमार नव्हे. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर गॅस भयंकर महागला. ब्रिटिश सरकारने त्या हिवाळ्यात घरटी ४०० पौंडांची मदत दिली. अनेक ग्रंथालयांनी आपली दारे लोकांना ऊब घेत बसण्यासाठी उघडली. त्या काळात कित्येकांनी एकच खोली तापवून बाकीचे घर थंडीच्या हवाली केले. अशा बंद खोल्यांत भिंतींना ओल सुटते, बुरशी धरते आणि ती राहणाऱ्यांच्या छातीत उतरते. कडक थंडीत नळ्यांतले पाणी गोठून त्या फुटतात, तो खर्च निराळाच. म्हणून रिकामा विभागही पूर्ण बंद न करता थोडा उबदार ठेवावा लागतो. माणसे राहतात तेथे निदान १८ अंश तापमान असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितले आहे. म्हातारी माणसे आणि लहान मुले असतील तर त्याहून अधिक लागू शकते.

बॉयलरला हे काही कळत नाही. तेव्हा विभाग पाडायला बसणाऱ्याने नळ्यांचा नकाशा काढण्याआधी, घरात दिवसभर कोण असते आणि कुठे बसते, एवढे विचारून घ्यावे.