घरची जुनी गाडी आणि गेलेली माणसे

घरातले माणूस गेले की त्याच्या बहुतेक वस्तूंचा निकाल महिन्या-दोन महिन्यांत लागतो. कपडे गरजूंना दिले जातात, औषधे टाकून दिली जातात, चष्मा आणि घड्याळ कपाटात जाते. गाडीचे तसे होत नाही. ती दारात उभी असते, येता-जाता दिसते आणि तिचे काय करायचे हा विषय वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो. बाजारात तिला भंगाराचा भाव येतो, तरीही ती विकायची म्हटले की घरातले कोणीतरी गप्प होते. एखाद्या यंत्रात माणसाची आठवण इतकी खोल का रुजते, याची कारणे काही त्या यंत्राच्या इतिहासात आहेत, काही मेंदूच्या रचनेत आणि काही दुःख पचवण्याच्या मानवी रीतीत.

एकच गाडी, अनेक वर्षे

महाराष्ट्रातल्या कित्येक घरांची पहिली गाडी फियाट होती. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतल्या कुर्ला कारखान्यात ही गाडी तयार होई. इटलीतल्या फियाट कंपनीची 1100 ही गाडी 1950 च्या दशकात येथे बनू लागली, 1964 मध्ये तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले आणि 1974 पासून तीच गाडी ‘प्रीमिअर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. चार सिलिंडरचे 1089 सीसीचे इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर, रेक्झिनच्या सीट आणि दाराच्या काचेपुढे वारा घ्यायला फिरवता येणारी छोटी त्रिकोणी काच, ही तिची ओळख. सुमारे 2000 पर्यंत तिचे उत्पादन चालू होते.

त्या काळी गाडी घेणे सोपे नव्हते. कोणत्या कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरत असे. हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर, प्रीमिअरची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढ्यावरच ग्राहकाची निवड संपत असे. नंबर लावल्यावर गाडी हातात येईपर्यंत वर्षे जात. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि चित्र पालटू लागले. तोपर्यंत मध्यमवर्गीय घरात गाडी आली की ती वीस-पंचवीस वर्षे राहणार हे गृहीतच असे. वडिलांनी ती घेतली, आईने तिला ओवाळले, मुले तिच्या मागच्या सीटवर मोठी झाली आणि त्यांतल्या एखाद्याने त्याच गाडीवर चालवायला शिकून लायसन्स काढले. एका कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्यांनी एकच वस्तू एकत्र वापरावी, असे भाग्य घर आणि शेत सोडले तर फार कमी वस्तूंना लाभते.

शिवाय घरातले महत्त्वाचे प्रसंग गाडीशी बांधलेले असत. बाळंतिणीला दवाखान्यातून घरी आणणे, कुलदैवताला जाणे, लग्नाची वरात, आजारी आजोबांना रात्री-अपरात्री डॉक्टरांकडे नेणे, या सगळ्यांना गाडी साक्षी असे. द्रुतगती मार्ग होण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाताना खंडाळ्याच्या घाटात इंजिन तापे. मग गाडी कडेला घेऊन, बॉनेट उघडून, फडक्याने धरून रेडिएटरचे झाकण सोडायचे आणि बरोबर आणलेल्या डब्यातले पाणी ओतायचे, हे काम घरातल्या ठरावीक माणसाचेच असे. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूची माळ घालणारे हातही ठरलेले असत. माणूस गेल्यावर गाडी पाहिली की ते हात आठवतात.

गाडीत मागे काय उरते

जुन्या गाडीत माणसाच्या खुणा अक्षरशः उरतात. चालवणाऱ्याच्या बाजूची सीट त्याच्या वजनाने खोलगट झालेली असते. आरसा त्याच्या उंचीला लावलेला असतो. स्टीअरिंगच्या चाकावर हात नेहमी जिथे टेकत तिथली चमक गेलेली असते. गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसट झालेले असतात. खोलीतल्या वस्तू आवरता येतात, पण हे ठसे वापरातून पडलेले असल्यामुळे गाडीपासून वेगळे काढता येत नाहीत.

डॅशबोर्डचा कप्पा उघडला की एक लहानसे दप्तरच हाती लागते. पिवळे फडके, टॉर्च, टायरची हवा मोजायचा गेज, पेट्रोलच्या पावत्या, जुना विमा आणि बहुतेक ठिकाणी एक छोटी वही. किती किलोमीटरला किती लिटर पेट्रोल भरले, ऑइल कधी बदलले, कोणत्या मेकॅनिकने काय काम केले, अशा नोंदी त्या पिढीतले लोक नेमाने ठेवत. या वह्यांत मधूनच ‘जेजुरीला जाऊन आलो’ किंवा ‘ताईला स्टेशनवर सोडले’ असेही शब्द सापडतात. लिहिणाऱ्याने त्या हिशेब म्हणून ठेवल्या. वाचणाऱ्याला त्या कुटुंबाची रोजनिशी ठरतात. काही वह्यांत एका पानानंतर अक्षर बदललेले दिसते, काहींत नोंदी तिथेच थांबतात.

मेंदूत काय घडते

गाडीत बसताच आठवणी उसळून येतात, याला शास्त्रीय आधार आहे. पहिले कारण वास. दृष्टी आणि श्रवण यांची माहिती मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या भागात जाते आणि तेथून पुढे पोहोचते. वासाला हा टप्पा घ्यावा लागत नाही. नाकाकडून येणारा संदेश भावनांशी संबंधित अमिग्डाला आणि आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागांपर्यंत थोडक्या वाटेने जातो. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बऱ्याचदा बालपणातल्या आणि भावनेने भरलेल्या असतात, असे मानसशास्त्रीय प्रयोगांत दिसून आले आहे. उन्हात तापलेले रेक्झिन, पेट्रोल, ऑइल आणि बंद काचांमागे साचलेली हवा यांचा मिळून प्रत्येक जुन्या गाडीचा एक वास असतो, आणि तो दुसरीकडे कुठे मिळत नाही.

दुसरे कारण ठिकाण. एंडेल टल्व्हिंग या मानसशास्त्रज्ञाने 1973 मध्ये सहकाऱ्यासह मांडलेल्या सिद्धान्तानुसार, आठवण साठवली जाताना भोवती असलेले संकेत पुन्हा मिळाले की ती सहज वर येते. मागच्या सीटवरची जागा, खिडकीतून दिसणारी चौकट, दार लागल्याचा विशिष्ट आवाज हे सगळे असे संकेत आहेत. घराची रंगरंगोटी होते, फर्निचर बदलते. गाडीचा अंतर्भाग मात्र तीस वर्षांनीही बहुतांशी तसाच असतो, त्यामुळे हे संकेत एकत्रित मिळतात.

तिसरे कारण शरीराची सवय. वाहन चालवणे, पोहणे, वाद्य वाजवणे ही कौशल्ये मेंदू वेगळ्या पद्धतीने जपतो आणि ती सहसा विसरली जात नाहीत. ज्याला वडिलांनी किंवा काकांनी गाडी शिकवली, त्याच्या हातापायांत त्यांच्या लकबीही उतरतात. क्लच किती हळू सोडायचा, थंडीत चोक किती ओढायचा, उतारावर गिअर कधी बदलायचा, हे शिकवणारा गेला तरी शिकणाऱ्याच्या अंगात राहते. जुनी गाडी चालवणाऱ्यांना गेलेले माणूस शेजारी बसल्यासारखे वाटते, त्यात या शिकवणीचा वाटा मोठा आहे.

दुःख आणि वस्तू

गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणे म्हणजे शोक पूर्ण होणे, असा विचार बराच काळ रूढ होता. सिग्मंड फ्रॉइड यांच्या 1917 मधल्या निबंधाचा त्यावर मोठा प्रभाव होता. 1996 मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अमेरिकी अभ्यासकांनी वेगळी मांडणी केली. नाते मृत्यूने संपत नाही, त्याचे रूप बदलते. आणि ते नव्या रूपात चालू ठेवणे निरोगी असू शकते, असे त्यांनी दाखवून दिले. वर्षश्राद्ध घालणाऱ्या आणि देव्हाऱ्याजवळ आईवडिलांचा फोटो लावणाऱ्या मराठी घरांना ही गोष्ट नवी नाही.

मात्र वस्तू जवळ ठेवण्याचे दोन प्रकार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ वामिक व्होल्कन यांनी 1970 च्या दशकात मृत व्यक्तीशी जोडणाऱ्या वस्तूंचा अभ्यास केला. दुःखात अडकून पडलेली माणसे अशी वस्तू वापरतही नाहीत आणि टाकतही नाहीत. ती बंद करून, नजरेआड पण आवाक्यात ठेवतात, असे त्यांना आढळले. ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे गंजत पडलेली गाडी पुष्कळदा याच प्रकारात मोडते. तिला हात लावला तर आठवण मोडेल या भीतीने कोणी तिच्याकडे जात नाही, आणि शेवटी गाडीच मोडीत निघते. जी गाडी चालवली जाते, जिची दुरुस्ती होते, जिच्यात नातवंडे बसतात, तिच्यामुळे गेलेल्या माणसाबद्दल घरात बोलणे होते. दुःख हलके होण्यासाठी हे बोलणेच महत्त्वाचे असते.

देशाने जपलेल्या गाड्या

कुटुंबाची गाडी कधी कधी साऱ्या देशाची आठवण होते. लालबहादूर शास्त्री यांची फियाट हे त्याचे ठळक उदाहरण. पंतप्रधान झाल्यावर मुलांच्या आग्रहाखातर शास्त्रीजींनी 1964 च्या सुमारास ही गाडी घेतली. तिची किंमत सुमारे 12,000 रुपये होती आणि त्यासाठी पंजाब नॅशनल बँकेकडून 5,000 रुपयांचे कर्ज काढावे लागले. 11 जानेवारी 1966 रोजी ताश्कंदमध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा कर्ज फिटलेले नव्हते. ललिता शास्त्री यांनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले, असे कुटुंबीयांनी सांगितले आहे. ती गाडी आज दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात आहे. शास्त्रीजींच्या साधेपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण पंतप्रधानाच्या विधवेने गाडीचे हप्ते भरले ही एक गोष्ट त्या सगळ्याहून अधिक सांगते.

कोलकात्यातल्या नेताजी भवनात वाँडरर ही जर्मन गाडी आहे. 1941 च्या जानेवारीत सुभाषचंद्र बोस नजरकैदेतून निसटले तेव्हा पुतण्या शिशिर बोस यांनी याच गाडीतून त्यांना गोमोह स्टेशनपर्यंत नेले. 2017 मध्ये ती दुरुस्त करून पुन्हा लोकांसमोर ठेवण्यात आली.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची गोष्ट अशीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत झाली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. निदान एक तरी जपून ठेवावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती. ज्या घरांचा संसार या टॅक्सीवर चालला, त्यांच्या दृष्टीने ती वडिलांची कमाई होती.

कागदपत्रे

भावना कितीही खरी असली तरी गाडी मृत व्यक्तीच्या नावावर ठेवून चालवता येत नाही. मोटार वाहन नियमांनुसार मालकाच्या मृत्यूनंतर 30 दिवसांच्या आत वारसाने आरटीओला कळवावे लागते. तसे केले तर तीन महिने ती गाडी वापरता येते आणि त्याच मुदतीत नमुना 31 भरून ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. मृत्यूचा दाखला, आरसी आणि विमा यांबरोबर इतर वारसांची संमतीही बहुधा मागितली जाते. विमाही नव्या नावावर करून घ्यावा लागतो. हयातीतच आरसीवर वारसदाराचे नाव नोंदवण्याची सोय 2021 मध्ये झाली आहे. ती वापरली तर पुढची धावपळ वाचते.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते. नंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते आणि महाराष्ट्रात त्यासाठी पर्यावरण करही भरावा लागतो. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात असलेल्या गाड्यांसाठी 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आले. या नोंदणीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणे आणि देखभाल अशा कारणांपुरती ही गाडी रस्त्यावर आणता येते; रोजच्या वापराला परवानगी नसते. 1974 सालच्या पद्मिनी आता या वयात पोहोचल्या आहेत.

जपणे आणि निरोप देणे

उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. पेट्रोल टाकीत राहून चिकट होते आणि कार्ब्युरेटरचे जेट बुजतात, बॅटरी उतरते, ब्रेक अडकतात, टायर एका जागी चपटे होतात, उंदीर वायरिंग कुरतडतात. कोकणासारख्या दमट हवेत आणि पावसाळ्यात तळाचा पत्रा गंजतो. पंधरा दिवसांतून एकदा इंजिन नीट गरम होईपर्यंत काही किलोमीटर फेरी मारणे आणि गाडी छपराखाली, हवा खेळेल अशा आच्छादनात ठेवणे, एवढ्याने यातले पुष्कळ टळते. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढले असल्याने जुन्या रबरी नळ्या आणि सील वेळोवेळी तपासून घ्यावेत.

दुरुस्ती करताना हौसेला आवर घालावा लागतो. डेंटिंग-पेंटिंग करून गाडी कोरी करकरीत होते, पण आईच्या हातच्या सीट कव्हरची शिवण, बंपरवरचा पोचा आणि डॅशबोर्डवरच्या जुन्या गणपतीची जागा त्यात पुसली जाते. यंत्र सुरक्षित चालेल इतके बदलावे. ज्या खुणांना हात लावला नाही तरी चालते, त्या तशाच ठेवाव्यात. काम सुरू करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत.

प्रत्येक घराला गाडी ठेवणे परवडणार नाही. शहरात जागा नसते, सुटे भाग मिळत नाहीत, मुले परदेशी असतात. अशा वेळी गाडी देऊन टाकण्यात अपराध नाही. जुन्या गाड्यांची आवड असणाऱ्याच्या हाती ती गेली तर चालती राहील. भंगारात द्यायचीच झाली तर सरकारमान्य केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंदणी रद्द करावी. घरी ठेवायला किल्ली, नंबरप्लेटचा फोटो, हिशेबाची वही, गिअरची मूठ आणि इंजिन सुरू होतानाच्या आवाजाचे मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण पुरेसे असते.

खरा धोका गाडी जाण्याचा नाही. तिच्याबरोबरची हकीकत सांगणारी माणसे जाण्याचा आहे. ज्या घरात अशी गाडी आहे, त्यांनी ती कोणी, कधी, किती कष्टाने घेतली आणि तिच्यातून कोण कोण कुठे गेले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवावे.