बोडीच्या थेंबातला उपसा

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड-ब्रह्मपुरी पट्ट्यात मामा (माजी मालगुजारी) तलाव नसलेलं गाव सापडेल, बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं, नसलेलं सहसा नाही. अकरावीच्या प्रात्यक्षिकाला मी पोरांना बोडीचंच पाणी आणायला सांगतो. त्यात धानाचं तणस टाकून आठवडाभर ठेवलं की वर साय धरते, वास सुटतो, शिपाई नाक मुरडतो आणि सायीखाली पॅरामिशियम वळवळू लागतात. मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाएवढा एकपेशीय जीव. पण काचपट्टीवर असा पळतो की धड बघू देत नाही. कापसाचे चार तंतू पिंजून टाकले की त्यांत अडकतो.

मग दिसतात अंगाच्या दोन टोकांकडचे दोन पारदर्शक गोल, चहूकडे फाकलेल्या नळ्यांसह. नळ्या भरतात, गोलात रिकाम्या होतात, गोल टम्म फुगतो आणि फट्‌दिशी मिटतो. काही सेकंदांत पुन्हा तेच. ‘सर, याला दोन हृदयं?’ असं कुणीतरी विचारतंच. हसू नये, १७७६ मध्ये इटलीच्या स्पालान्झानीला हे श्वसनाचे अवयव वाटले होते.

ही संकोची रिक्तिका. बोडीचं पाणी गोडं, पेशीत क्षार जास्त. म्हणून परासरणानं पाणी सारखं आत शिरतं. गळक्या डोंग्यातल्या ढिवराला मासेमारी करता करता पाणीही उपसावं लागतं, तशी याची गत. अर्ध्या तासाच्या आसपास स्वतःच्या आकारमानाएवढं पाणी बाहेर जातं. हे फुकट होत नाही. नळ्यांच्या पटलांवरचे प्रथिनांचे पंप एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून आयन आत ओढतात, पाणी त्यांच्यामागे येतं. ऊर्जा तुटली की उपसा थांबतो, पेशी फुगत जाते. शेजारच्या स्पायरोगायरा शेवाळाला ही कटकट नाही. त्याची पेशीभित्तिका ताण झेलते.

मला खरी गंमत मिठाची वाटते. काचपट्टीच्या एका कडेला मिठाच्या अगदी पातळ पाण्याचा थेंब सोडायचा, दुसऱ्या कडेला टिपकागद लावायचा. गोलांची चाल मंदावते. बाहेर क्षार वाढले, आत येणारं पाणी घटलं, उपसाही घटला. घड्याळ लावून हे मोजणाऱ्याला मी गुण देतो, सुबक आकृती काढणाऱ्याला नाही. मीठ जास्त झालं की जीव आक्रसून मरतो. समुद्रातल्या बऱ्याच एकपेशीय जीवांना ही रिक्तिका का नसते, हे त्यानंतर समजावत बसावं लागत नाही.

मे महिन्यात बोडी आटते, तेव्हा कोल्पोडासारखा तिच्यातला दुसरा जीव अंगातलं पाणी घालवून गोल होतो, भोवती कवच बांधतो आणि कोरड्या चिखलात तग धरतो. पाऊस पडला की काही तासांत कवचाबाहेर येतो, आणि त्याचीही रिक्तिका कामाला लागते.