घरापुढील अंगण : आंखणी, परवानगी व खर्चाचा अंदाज

पीक हातीं आलें, सोसायटीचें देणें फिटलें व चार पैसे गांठीस राहिले म्हणजे शेतकऱ्याच्या घरांत पहिली गोष्ट निघते ती घराची. दारापुढें फरशी घालावी, चार माणसें बसतील असा ओटा बांधावा, त्यावर मांडव करून वेल चढवावा, कुंपणाच्या कडेनें फुलझाडें लावावीं, अशी इच्छा होणें स्वाभाविक आहे; व तिला आम्ही चैन म्हणत नाहीं. शेतकऱ्याचें अंगण ही त्याची बैठक, धान्य वाळविण्याची जागा, मुलांचें खेळण्याचें ठिकाण व लग्नकार्याचा मंडप होय. परंतु विहिरीस हात घालतांना आपण जितका विचार करतों तितका अंगणास हात घालतांना करीत नाहीं, आणि तेथेंच पैसा बुडतो.

हें आम्ही ऐकीव माहितीवरून लिहीत नाहीं. एका सालीं उसाचे पैसे हातीं आले तेव्हां आम्हीं दिवाळीनंतर महिन्याभरांत अंगणास शहाबादी फरशी घातली. जमीन काळी, उतार कोणीं पाहिला नाहीं. पहिल्याच पावसाळ्यांत फरशीवरचें सारें पाणी उंबरठ्याकडे वळलें. जोत्याखालची माती फुगली, उन्हाळ्यांत ती आकसली, आणि चौकटीच्या कोपऱ्यापासून भिंतीस बोटभर भेग पडली. फरशी उपटून अंगण पुन्हां करावें लागलें, व भिंतीच्या दुरुस्तीसह दुसऱ्या वेळचा खर्च पहिल्याहून अधिक झाला. शिवाय कुंपण चुलत्यांच्या हिश्शांत दीड हात गेलें होतें. त्यामुळें दोन वर्षें दोन घरांचें बोलणें बंद होतें. पैसा पुढल्या हंगामांत भरून आला. तीं दोन वर्षें मात्र परत आलीं नाहींत. म्हणून आमच्या वाचकांस आम्ही एकच क्रम सुचवितों : आधीं हद्द, मग परवानगी, मग पाणी, मग खर्च, व सर्वांत शेवटीं शोभा.

हद्द.—गांवठाणांतील जागेची मिळकतपत्रिका किंवा सनद असेल ती प्रथम बाहेर काढावी. २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखालीं ज्या गांवठाणांची ड्रोननें पाहणी झाली आहे, तेथील नकाशा पाहण्यास मिळतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा पुरावा नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. हद्दीविषयीं तिळमात्र संशय असल्यास भूमि अभिलेख कचेरींत अर्ज देऊन मोजणी करून घ्यावी, व मोजणीचे दिवशीं शेजाऱ्यांस हजर ठेवावें. जागा सामाईक असेल तर सर्व हिस्सेदारांची संमति लेखी घ्यावी. भावाचा शब्द पुरे आहे असें आज वाटतें. पण कागद भावासाठीं नसतो, भावाच्या व आपल्या मुलांसाठीं असतो.

परवानगी.—माती सारखी करणें, झाडें लावणें, बांबूचा हलता मांडव घालणें यांस सामान्यतः बांधकामाची परवानगी लागत नाहीं. परंतु पक्की कुंपणभिंत, छपराची पडवी किंवा वेगळी खोली हें बांधकाम ठरतें. गांवठाणांत अशा कामास ग्रामपंचायत कायद्याचें ५२ वें कलम लागतें. म्हणून कामाचा साधा नकाशा जोडून पंचायतींत अर्ज द्यावा, व त्याची पोंच घ्यावी. घर शेतांत असेल तर १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता पाहावी लागते. शेतघर व गोठा यांसंबंधीं तींत निराळे नियम आहेत. पण त्याच जमिनीचा उपयोग भाड्याच्या मंगल कार्यालयासाठीं किंवा खाणावळीसाठीं करणें ही शेती नव्हे. बिगरशेतीचे नियम गेल्या कांहीं वर्षांत बदलत आले आहेत. शेजाऱ्यानें पूर्वीं काय केलें तें विचारण्यापेक्षां तलाठ्यांकडे (२०२४ पासून त्यांस ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) व तहसील कचेरींत चालू नियम विचारावा. अंगण मोठ्या रस्त्यास लागून असेल तर रस्त्यापासून किती अंतर सोडावयाचें, हें त्या रस्त्याच्या बांधकाम खात्याकडून समजून घ्यावें.

झाड तोडण्यापूर्वीं विशेष जपावें. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादींत आंबा, चिंच, फणस, जांभूळ, साग, चंदन हीं झाडें आहेत. तीं आपल्या स्वतःच्या जागेंत असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. आमचें मत असें कीं, जुन्या चिंचेभोंवतीं ओटा बांधावा, ओट्यासाठीं चिंच पाडूं नये. तिची सावली कोणत्याहि मांडवास येणार नाहीं.

पाणी.—आतां एक उदाहरण घेऊं. अंगण घराच्या बाजूनें तीस फूट लांब व घरापासून बाहेर वीस फूट रुंद आहे. म्हणजे सहाशें चौरस फूट. एक इंच पाऊस पडला तर एवढ्या जागेवर पन्नास घनफूट, म्हणजे सुमारें १४०० लिटर पाणी जमतें. घराचें तेवढेंच छप्पर अंगणाकडे उतरत असेल तर पागोळ्यांचें आणखी तितकेंच पाणी येतें. चार फूट लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा दगडगोट्यांनीं भरला तर त्यांत सुमारें सहाशें लिटरच मावतें. अर्थात् एका खड्ड्यावर विसंबून चालत नाहीं. अंगणाच्या बाहेरच्या कडेस चर घेऊन जादा पाणी परसांतील झाडांकडे न्यावें. तें शेजाऱ्याच्या भिंतीकडे कदापि सोडूं नये.

उतार घरापासून बाहेर असावा, व तो साठांत एक पुरे. वीस फुटांस तो चार इंच होतो. डोळ्यांनीं तो ठरवूं नये. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनें दोन्ही टोंकांची पातळी घ्यावी. काळी जमीन असल्यास निदान एक फूट माती काढून मुरूम भरावा. सहा सहा इंचांचा थर, पाणी व धुम्मस. वड, पिंपळ, नीलगिरी असलीं झाडें जोत्याजवळ लावूं नयेत; त्यांचीं मुळें ओल शोषतात व काळी माती अधिकच आकसते. कढीपत्ता, लिंबू, पारिजातक, जाई यांस जागा थोडी पुरते. लागवड पावसाळ्याच्या आरंभीं करावी व फरशीचें काम सुगीनंतर घ्यावें.

खर्च.—वरील अंगणास एक फूट भर म्हणजे सहाशें घनफूट, अर्थात् सहा ब्रास मुरूम. दाबून बसतो म्हणून चौथाई अधिक धरून साडेसात ब्रास सांगावा. मुरुमाचा ब्रास शंभर घनफुटांचा व फरशीचा शंभर चौरस फुटांचा असतो. दर ठरवितांना हें लिहून घ्यावें. गवंड्यास पैसा मापाप्रमाणें व टप्प्याटप्प्यानें द्यावा, आणि शेवटचा हप्ता फरशीवर घागरभर पाणी ओतून तें कोणीकडे जातें हें पाहिल्यावरच द्यावा.

शंभर रुपयांची वांटणी आम्ही अशी करूं : मोजणी, अर्ज व आंखणी यांस ५, खोदाई, मुरूम व चर यांस ३५, फरशी व ओटा यांस ३०, मांडव व कुंपण यांस १०, झाडें व खत यांस ५, आणि १५ रुपये शिलकेंत, कारण जमीन खोदल्याशिवाय तिच्या पोटांत काय आहे तें कळत नाहीं. इतकी रक्कम एका सालीं नसेल तर काम तीन सालांत करावें : पहिल्या सालीं माती व पाणी, दुसऱ्या सालीं फरशी व ओटा, तिसऱ्या सालीं मांडव. झाडें मात्र पहिल्याच पावसांत लावावीं. तीं तोंवर वाढतात. पीककर्जाचा पैसा यांत घालूं नये. तें कर्ज पिकासाठीं असतें, व मुदतींत फेड न झाल्यास व्याजाची सवलत जाते ती निराळीच.

येत्या सुगीनंतर ज्या सभासदांच्या मनांत हें काम आहे, त्यांनीं गवंड्यास बोलावण्यापूर्वीं भर पावसांत एकदां छत्री घेऊन स्वतःच्या अंगणांत उभें राहावें, व पाणी कोठून येतें आणि कोठें जातें तें कागदावर काढावें. या कामास पैसा लागत नाहीं. आम्हीं तें वेळीं केलें असतें तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें.