किल्लारीचा नकाशा आणि जुना जालना

कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा, म्हणजे पूर्वीचं कादराबाद. जमशेदखानाच्या काळातली काळी मशीद, सराई, वेशी आणि बोळ. ही वस्ती भूकंपात ढासळली तर पुन्हा उभी कशी करायची? प्रश्न अशुभ आहे खरा, पण त्याचं निम्मं उत्तर मराठवाड्यातच मिळतं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून दमलेली गावं झोपेत असताना पहाटे किल्लारी परिसराला ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. घात केला तो घरांनी. दगड-मातीच्या भिंती भक्कम दिसायच्या, पण आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड त्यांत नव्हते. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. ते गळू नये म्हणून वर्षानुवर्षं मातीचे थर चढत गेले आणि डोक्यावरचं ओझं वाढत राहिलं. भिंती कोसळल्या तरी लाकडी खण कित्येक ठिकाणी उभेच होते.

जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी गेली. घराचा आकार शेतीवर ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरांच्या वरच्यांना ७५०, मधल्यांना ४००. हिशेब सोपा, पण सारख्या आकाराची घरं एकत्र आली आणि भाऊबंद पांगले. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते शहरी वसाहतीला शोभणारे होते. गाव जुन्याच्या कितीतरी पट पसरलं, आणि तेवढी लांब नळयोजना सांभाळणं ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडलं. ज्या गावांचं नुकसान कमी होतं, तिथली पद्धत जास्त शहाणपणाची म्हणावी लागेल: सरकारने पैसे आणि अभियंत्यांचा सल्ला दिला, कामं घरमालकांनी स्वतः करून घेतली.

उत्तराचा उरलेला भाग गुजरातमधल्या भुजमध्ये आहे, कारण किल्लारीचा प्रश्न गावांचा होता, भुजचा शहराचा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर तटबंदीच्या आतल्या जुन्या भागात नगररचना योजना राबवल्या गेल्या. सगळे भूखंड एकत्र धरायचे, प्रत्येकातून थोडी जागा रस्त्यांसाठी घ्यायची आणि उरलेली शक्यतो मूळ ठिकाणाजवळच मालकाला परत द्यायची. लहान भूखंडांना कात्री कमी, मोठ्यांना जास्त. ही युक्ती आपल्याला परकी नाही. मुंबई प्रांताने तिचा कायदा १९१५ मध्येच केला होता.

पुन्हा उभारण्याच्या आधी येते ती तयारी. २१ मार्च २०२४ ला हिंगोली-नांदेडकडे धक्के बसले, तेव्हा पत्र्यावर ठेवलेले दगड काढून टाका, असं प्रशासनाने लोकांना सांगितलं. दगड तासाभरात उतरतात. वाड्याच्या भिंतीत आरपार दगड बसवायला, माळवदाची माती हलकी करायला गवंडी आणि पैसा लागतो.

कागदपत्रांना त्याहून वेळ लागतो. भुजसारखी योजना मालकीच्या उताऱ्यावर चालते, आणि कुठल्याही जुन्या पेठेत एका वाड्याचे सात-आठ वारस, तळमजल्यावर भाडेकरू आणि उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव, हे चित्र नवं नाही. अशा वाड्याचा भूखंड परत द्यायचा तर सही कोणाची घ्यायची, हे धक्का बसण्याआधीच सिटी सर्व्हेच्या कचेरीत ठरवून ठेवता येतं.