दुखत नाही, म्हणूनच बघा

आमचे मामा गोकाकचे. माझ्या आईशी कन्नडमध्ये बोलणार, आम्हा भाचरांशी मराठीत. मधुमेहाला ते 'सक्करे कायिले' म्हणत आणि हसून विषय बदलत. बारा वर्षे गोळ्या चालू होत्या. पण पथ्य सणापुरतेही नव्हते. कुंदा किंवा होळगी खाल्ली की त्या दिवशी एकाऐवजी दोन गोळ्या घ्यायच्या, की झाला हिशेब पुरा!

दोन वर्षांपूर्वी चैत्र पौर्णिमेला आम्ही सौंदत्तीच्या डोंगरावर गेलो. मामा नेहमीप्रमाणे अनवाणी. परतताना गाडीत त्यांच्या अंगठ्याखाली मोठा फोड दिसला. मी विचारले, तर म्हणाले, "नोवे इल्लप्पा, बिडु." दुखतच नाही म्हटल्यावर मीही गप्प बसलो. रोज वर्गात मुलांना 'का' विचारायला शिकवणारा मी. पण पाय भाजला तरी दुखत का नाही, हे मला विचारावेसे वाटले नाही.

तीन आठवड्यांनी मामींना वास आला, तेव्हा डॉक्टरांकडे नेले. तोवर जखम हाडापर्यंत चिघळली होती. अंगठा काढावा लागला.

डॉक्टरांनी समजावले ते असे : रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही. रक्तवाहिन्या अरुंद होऊन रक्त कमी पोचते, म्हणून जखम भरत नाही. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडे यांचेही तेच. बिघाड आधी होतो, त्रास फार उशिरा जाणवतो. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, साखर काटेकोरपणे आवाक्यात ठेवल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अशा विकारांचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटतो, असे दिसले.

म्हणून दुखण्याची वाट पाहू नका. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्या. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळे तपासा. लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील क्रिएटिनिन पाहा आणि पायांची संवेदना तपासून घ्या. घरी कुरूप ब्लेडने कापू नका, गरम पाण्यात पाय बुडवू नका, अनवाणी फिरू नका. आणि गोळ्या मनाने कमी-जास्त करू नका.

आता रोज रात्री मामी चष्मा लावून मामांचे तळवे पाहतात, नात बॅटरी धरते. डोंगरावर जाताना मामा आता देवळाच्या दारापर्यंत चप्पल सोडत नाहीत. "यल्लम्माला पाय हवेत, फोड नकोत," असे मामी म्हणतात.

तुमच्या घरातही कोणाला साखर असेल, तर आज रात्री जेवणानंतर त्यांचे तळवे एकदा उजेडात पाहा. ते "दुखत नाही" म्हणाले, तरी पाहा.