गणेशखिंडीच्या आसपास खोली घेताना

गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नाही. दरवर्षी जून ते ऑगस्टदरम्यान कितीतरी विद्यार्थी आणि त्यांचे पालक हा प्रश्न घेऊन औंध रस्त्यापासून गोखलेनगरपर्यंत फिरत असतात. हातात फोन, डोक्यावर पाऊस आणि प्रत्येक फाटकावर ‘फक्त फॅमिलीसाठी’ अशी पाटी. घाईघाईत मिळेल ती खोली पकडली जाते आणि मग वर्षभर तिची किंमत मोजावी लागते. म्हणून अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात करू.

आधी कुठे बघायचे ते ठरवा. विद्यापीठाचा परिसर चारशे एकरांहून मोठा आहे आणि त्याला वेगवेगळ्या बाजूंनी फाटके आहेत. त्यामुळे ‘विद्यापीठापासून दहा मिनिटे’ असे एजंट म्हणाला, तर ते कोणत्या फाटकापासून हे लगेच विचारा. फाटकातून आपल्या विभागापर्यंत पुन्हा पंधरा-वीस मिनिटांची चाल असू शकते. ते फाटक रात्री किती वाजता बंद होते हेही तिथल्या सुरक्षारक्षकाला विचारून घ्या. जयकर ग्रंथालयात उशिरापर्यंत बसणाऱ्याला हे नंतर कळले, तर रोजचा वळसा पडतो.

परवडणाऱ्या खोल्या प्रामुख्याने जुन्या गावठाणांत आणि वसाहतींत मिळतात. औंधगाव, बोपोडी, खडकी बाजार, दापोडी, नदीपलीकडची जुनी सांगवी, पाषाण गावठाण, सुतारवाडी. आणि सेनापती बापट रस्त्याच्या बाजूला गोखलेनगर, जनवाडी, वडारवाडी. गोखलेनगरची वसाहत 1961 च्या पानशेत पुरानंतर पूरग्रस्तांसाठी उभी राहिली. मूळच्या लहान घरांवर पुढे मजले चढले आणि त्यातल्या बऱ्याच खोल्यांत आज विद्यार्थी राहतात. एनसीएल किंवा आयसर या संशोधन संस्थांत काम असेल तर पाषाणची बाजू बरी. शहरात इतरत्र शिकवणी किंवा अर्धवेळ नोकरी असेल तर दापोडी, बोपोडी किंवा खडकी बघा. तिथे मेट्रो आहे, आणि दापोडी व खडकीला लोणावळा लोकलही थांबते.

या भागांत तीन वेगवेगळ्या स्थानिक संस्थांचा कारभार चालतो. औंध, बोपोडी, गोखलेनगर पुणे महापालिकेत. सांगवी आणि दापोडी पिंपरी-चिंचवड महापालिकेत. तर खडकी बाजार कटक मंडळाच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या नागरी कारभाराखाली. पाणी आले नाही, कचरा उचलला नाही, तर तक्रार कुठे करायची ते यावरून ठरते. पोलीस आयुक्तालयेही दोन आहेत. सांगवीतला विद्यार्थी भाडेकरू म्हणून माहिती नोंदवायला पुणे शहर पोलिसांच्या ठाण्यात गेला, तर त्याला परत पाठवतात.

नदीकाठच्या खोल्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जुनी सांगवी मुळा आणि पवना यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. मुळशी आणि पवना धरणांतून मोठा विसर्ग झाला की काठच्या गल्ल्यांत पाणी शिरते. तळमजल्याची खोली आसपासच्या खोल्यांपेक्षा बरीच स्वस्त वाटली, तर मालकाला नव्हे, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा: मागच्या पावसाळ्यात पाणी कुठवर आले होते? तो हाताने उंची दाखवतो. भिंतीच्या खालच्या भागात रंगाचे पोपडे आणि पांढरट खार दिसला, तर विचारायचीही गरज नाही.

आता खोलीचा प्रकार. ‘कॉट बेसिस’ म्हणजे एका खोलीतली एक खाट आपली, बाकी इतरांच्या. ‘वन आरके’ म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. पीजी म्हणजे जेवणासह किंवा जेवणाविना मालकाने चालवलेली निवासाची सोय. आणि सोसायटीतला फ्लॅट तिघा-चौघांनी मिळून घेण्याची पद्धत आहेच. गावठाणातल्या घरात बहुधा मालक तळमजल्यावर राहतो आणि वरच्या मजल्यांवर दोन-चार खोल्या भाड्याने देतो. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षासाठी हेच उत्तम. नळ गळला तर खाली जाऊन सांगता येते आणि दलालीही बहुतेक वेळा वाचते. त्या बदल्यात रात्री दहानंतर जिन्याचे दार बंद, पाहुण्यांवर नजर, कधी मांसाहाराला मनाई, अशा अटी येतात. त्या आधीच विचारून घ्याव्यात. काही ठिकाणी आडनाव ऐकून चेहरा बदलतो, हेही खरे आहे. अशा घरात मिनतवाऱ्या करून राहण्यापेक्षा पुढची गल्ली गाठलेली बरी.

सोसायटीत फ्लॅट घेत असाल, तर ‘तुम्ही भाडेकरू म्हणून सोसायटी जादा पैसे मागते’ असे मालक सांगेल. हे बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी आकारते ती रक्कम. राज्य शासनाच्या 2001 च्या आदेशानुसार ती सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि ती भरायची असते सभासदाने, म्हणजे मालकाने. ती भाड्यात धरलेली आहे की वेगळी, हे ठरवून मगच हो म्हणा.

खोली बघायला एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळी जा. दिवसा ओल आणि उजेड कळतो, संध्याकाळी आवाज आणि जिन्यातला अंधार. पाणी रोज किती वाजता येते, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कोण देते, हे वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारा. मालक ‘चोवीस तास पाणी’ म्हणतो, तेव्हा त्याला गच्चीवरची टाकी अभिप्रेत असते. ती टाकी किती जणांत आहे ते भाडेकरू सांगतो.

सर्वांत जास्त फसगत होते ती विजेत. जिन्याखाली मीटरचा फळा असतो, तिथे जाऊन नीट बघा. चार खोल्या आणि महावितरणचा मीटर एकच असेल, तर मालकाने प्रत्येक खोलीला सबमीटर, म्हणजे स्वतःचा खासगी मोजणीचा मीटर, लावलेला असतो. घरगुती वीज टप्प्यांनी महागते: पहिल्या 100 युनिटांना सर्वांत कमी दर, 101 ते 300 ला त्याहून बराच जास्त, पुढे आणखी. समजा प्रत्येक खोली महिन्याला 80 युनिट वापरते. स्वतंत्र मीटर असते तर चौघेही स्वस्त टप्प्यात राहिले असते. एकाच मीटरवर बेरीज 320 होते, म्हणून मोठा भाग वरच्या दरात जातो आणि मालक सगळ्यांना एक चढा दर लावतो. तो लबाडी करतोच असे नाही, पण भुर्दंड आपल्यालाच पडतो. म्हणून दोन खोल्यांत निवड करायची असेल, तर पाचशे रुपये जास्त देऊन स्वतंत्र मीटरची खोली घेण्यात बहुधा तोटा नाही. सबमीटर असेलच तर युनिटचा दर करारात लिहून घ्या. स्वतंत्र मीटर असेल तर ताजे बिल मागा. त्यावर ‘थकबाकी’चा रकाना असतो, तो रिकामा किंवा शून्य असायला हवा.

पैशांची बोलणी करताना तीन आकडे एकदमच ठरवा: मासिक भाडे, अनामत (म्हणजे डिपॉझिट) आणि दलाली. या भागात दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत सहसा मागतात. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरांसाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवलेली आहे खरी, पण राज्याने तसा कायदा केल्याशिवाय ती बंधनकारक होत नाही. तेव्हा तिचा दाखला देऊन घासाघीस करता येईल, हट्ट धरता येणार नाही. टोकन, म्हणजे खोली धरून ठेवण्यासाठी दिलेली आगाऊ रक्कम, रोख देऊ नका. खोली न बघता तर अजिबात देऊ नका. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, चावी कुरिअरने पाठवतो’ असे सांगून फोनवर पैसे मागणाऱ्यांना दर वर्षी कुणीतरी बळी पडतेच.

यानंतर करार. कराराला कायद्यात ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतात, म्हणजे मालकी किंवा कुळहक्क न देता ठरावीक काळ राहण्याची परवानगी. इथे एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे: अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही. देशाच्या 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सवलत आहे, त्यातून ही समजूत आली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे कलम 55 लागू होते. त्यानुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. हे मालकाला धमकावण्यासाठी नव्हे, ‘नोंदणी तुमच्याही फायद्याची आहे’ हे समजावण्यासाठी सांगा. शंभर किंवा पाचशेच्या मुद्रांक कागदावर नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे.

नोंदणीचा खर्च लोकांना वाटतो तितका नाही. संपूर्ण मुदतीचे भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल दहा टक्के व्याज धरून जी बेरीज येते, तिच्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. बारा हजार भाडे, अकरा महिने, तीस हजार अनामत असा हिशेब केला, तर भाडे 1,32,000 आणि व्याज 2,750, मिळून 1,34,750. त्याचा पाव टक्का साडेतीनशेच्याही आत. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये. वर थोडे हाताळणी शुल्क आणि एजंटकडून करून घेतल्यास त्याची मजुरी. हा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याची पद्धत रूढ आहे.

हे सगळे आता ऑनलाइन होते. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, दोन्ही बाजूंचे आणि दोन साक्षीदारांचे आधार क्रमांक घेतो, फोटो काढतो आणि ठसे घेतो. मालक परगावी असेल तर त्याचा ठसा तो तिथूनही देऊ शकतो. इथेच लोक निर्धास्त होतात. ठसा दिला म्हणजे नोंदणी झाली असे नाही; दुय्यम निबंधकाची मंजुरी त्यानंतर येते. काही एजंट फक्त मसुद्याची पीडीएफ हाती ठेवून पैसे घेऊन जातात. अंतिम प्रतीत शेवटी ‘दस्त गोषवारा’ अशी पाने असतात. त्यावर दस्त क्रमांक, सर्वांचे फोटो आणि अंगठ्याचे ठसे असतात. ती पाने नसतील तर काम अपुरे आहे.

सही करण्याआधी मसुदा पूर्ण वाचा. एजंटकडे एकच साचा असतो आणि तो मालकाच्या बाजूने झुकलेला असतो. लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीआधी खोली सोडता येत नाही तो काळ, अकरा महिन्यांसाठी सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावा. नोटिशीची मुदत दोघांना सारखी, एक महिना असावी. ‘खोली सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापले जाईल’ हे वाक्य शोधा आणि खोडायला सांगा, नाहीतर निदान रक्कम ठरवा. सर्व रूममेटांची नावे करारात असू द्या. एकाच्या नावावर करार आणि तोच मध्ये सोडून गेला, की बाकीचे कागदोपत्री कुणीच उरत नाहीत.

नोंदणीकृत कराराचे आणखी उपयोग आहेत. बँकेत आणि पारपत्रासाठी तो पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृह मिळाले नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुण्यासाठी वर्षाला 60 हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. त्या अर्जाला राहण्याच्या जागेचा कागद जोडावा लागतो. रक्कम खात्यात यायला मात्र बरेचदा उशीर होतो, तेव्हा तिच्या भरवशावर अनामत कबूल करू नका. अनुसूचित जमातींसाठी अशीच स्वयं योजना आहे.

चावी घेण्याच्या दिवशी सामान आत नेण्यापूर्वी अर्धा तास काढा. प्रत्येक भिंत, नळ, खिडकीची काच, पंखा, गीझर यांचे फोटो घ्या. मीटरच्या पडद्यावर तारीख, वेळ, दाब असे आकडे फिरत असतात. ज्यापुढे केडब्ल्यूएच दिसते तो आकडा आपला, त्याचा फोटो घ्या. हे सगळे मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवा. मालकाने पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरली का ते विचारा आणि पावती मागा. गॅसजोडणी नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. सकाळचा डबा आणि दुपारी विद्यापीठातल्या रिफेक्टरीत जेवण, असे बरेच जण पहिले काही महिने काढतात.

राहायला लागल्यावर भाडे दरमहा खात्यावरून द्या, रोख नको. मालक रोखच मागत असेल तर पावती घ्या.

सोडतानाची नोटीस लेखी द्या, व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हीवर. शेवटच्या महिन्याचे भाडे अनामतीतून वळते करून घेण्याचा मोह होतो, पण करारात तशी सोय नसेल तर तो वादाला निमंत्रण देतो. मुदत संपल्यावर नवा करार न करता राहत गेलात, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 नुसार मालक ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. म्हणून नूतनीकरणाचे बोलणे महिनाभर आधी काढा. आणि शेवटच्या दिवशी जुने फोटो समोर ठेवून मालकाबरोबर खोली फिरून बघा, मीटरचा आकडा लिहा, हिशेब करा आणि अनामतीची रक्कम खात्यात जमा झालेली दिसल्यावरच चावी द्या. ‘आठवड्यात पाठवतो’ यावर चावी देऊन गावी गेलेल्यांना ते पैसे मिळवायला पुन्हा पुण्याला हेलपाटे घालावे लागतात.