खांद्यावर वेताळ, वाटेत गोष्ट!

दोस्तांनो, गणपतीला गावी निघालेली रात्रीची एसटी आठवते ना? वाशी, नेरूळ, बेलापूर मागे पडतं, पनवेलला मुंबई-गोवा महामार्ग लागतो आणि खिडकीबाहेर मिट्ट काळोख! झोप काही येत नाही. मग आजी म्हणते, "गोष्ट सांगू?" आणि वाट कधी सरते ते कळतही नाही.

हाच उद्योग एका भुताने केला होता. बरोबर ओळखलंत, वेताळाने! फक्त त्याची वाट स्मशानातली होती आणि तो बसला होता राजाच्या खांद्यावरच्या प्रेतात.

आईबाबांना विचारून बघा. 'चांदोबा' मासिक म्हटलं की त्यांना हेच चित्र आठवेल. हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि निघालाय राजा! ते चित्र शंकर यांचं. मराठी 'चांदोबा' सुरू झाला 1952 साली. पुढे तो बंद पडला. 1924 साली जन्मलेले शंकरही 2020 मध्ये गेले. राजा मात्र अजून चालतोच आहे.

मूळ गोष्ट 11व्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त सांगितली. गंमत म्हणजे तिथला राजा त्रिविक्रमसेन आपल्या गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा! एक भिक्षू त्याला रोज फळ आणून देई. फळात रत्न असे. बदल्यात एके दिवशी त्याने काम सांगितलं, "स्मशानातल्या झाडावर लटकणारं प्रेत आणून दे."

राजाने प्रेत खांद्यावर घेतलं. वेताळ गोष्ट सांगे आणि शेवटी प्रश्न टाके. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील! आणि राजा बोलला, की वेताळ परत झाडावर! राजा किती वेळा मागे फिरला असेल? दोनदा? चारदा? अहो, तब्बल 23 वेळा!

शेवटी एक प्रश्न असा आला, की राजाला उत्तरच सुचेना. काहीतरी ठोकून न देता तो मुकाट्याने चालत राहिला. वेताळ खूश झाला आणि म्हणाला, "सांभाळ! भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तो साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तेव्हा म्हण, मला येत नाही, तूच करून दाखव." राजाने तसंच केलं. भिक्षू वाकला आणि डाव त्याच्यावरच उलटला.

बघा हं, रत्नं देणारा जिवावर उठला होता आणि ज्याला बघून थरकाप व्हावा, त्यानेच जीव वाचवला. रात्रभर सोबत चालताना दोघांची दोस्ती झाली होती.

आता पुन्हा आपल्या महामार्गावर या. हाच रस्ता गोव्यात जातो. तिथे वेताळ म्हणजे गावाचा राखणदार. लोलये गावात त्याची पाषाणमूर्ती आहे. काही गावांत त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. का? तर रात्रभर गावाभोवती फिरून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे.

मरणाची भीती सगळ्यांनाच वाटते, मोठ्यांनासुद्धा. म्हणून तर माणसांनी स्मशानातल्या भुतालाही गोष्ट सांगायला लावलं आणि पायात वहाणा दिल्या.

तेव्हा यंदा एसटीत आजीला झोप येत नसेल, तर तुम्ही तिला गोष्ट सांगा. शेवटी प्रश्न विचारायला मात्र विसरू नका!